मी बाजूला ठेवलेलं चित्र

पोस्ट लांब आहे. आत्ता वेळ नसेल तर रात्री जेवण झाल्यावर वाचा, पण अर्धी वाचून खाली भांडू नका, ही विनंती.

गेल्या आठवड्यापासून आमच्या घाटातून ट्रॅक्टर उतरायला लागलेत. मागं दोन-दोन ट्रॉल्या. त्यात बांबू, ताडपत्री, पाण्याचे ड्रम, पिठाचे डबे, दोन शेळ्या, एखादी म्हातारी, आणि सगळ्यात वर, मागं तोंड करून बसलेली पोरं. दरवर्षी दिवाळी झाली की मी घाटाच्या वळणावर उभा राहून एक फोटो काढतो आणि दरवर्षी एकच मथळा देतो: 'ऊसतोड कामगारांचे तांडे निघाले'. वीस वर्षांत त्या मथळ्यातला एक शब्द बदललेला नाही. फोटोही तसाच असतो. एका वर्षी तर घाईत मागच्याच वर्षीचा फोटो गेला आणि कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. माझ्याही नाही.

यंदा फोटो काढला, पण बातमी अजून दिलेली नाही. का, ते सांगायचं तर २०१२ सालात जावं लागेल.

त्या वर्षी १५ ऑगस्टला आमच्या तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत चित्रकला स्पर्धा होती. विषय 'माझे घर'. परीक्षक दोन. एक निवृत्त केंद्रप्रमुख आणि दुसरा मी. माझा आणि चित्रकलेचा संबंध शून्य. पण औरंगाबादहून पत्रकारितेचा डिप्लोमा करून आलेला माणूस, त्यात तालुका प्रतिनिधी, म्हणजे ह्याला सगळ्यातलं कळत असणार असा शाळेचा समज. माझाही तोच समज होता, खोटं कशाला बोला.

ऑगस्टमध्ये वर्ग भरलेला असतो. पटावर जितकी पोरं तितकी समोर. दिवाळीनंतर याच वर्गात निम्मी जागा रिकामी दिसते. हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरगावचे वाचक असतील त्यांच्यासाठी लिहितो.

चित्रं कशी होती? तुम्हीही शाळेत तीच काढली असतील. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, सूर्याच्या खालून निघालेली नदी, काठाला लाल कौलाचं घर आणि घराशेजारी नारळाचं झाड. बालाघाटाच्या डोंगरात नारळ कुठून आला आणि कौलं कुणाच्या घरावर आहेत, हा प्रश्न आम्हा दोघा परीक्षकांपैकी एकालाही पडला नाही. सगळी घरं पत्र्याची किंवा धाब्याची, आणि चित्रात सगळी कौलारू. आम्ही रंगकाम बघत होतो, रेषेबाहेर रंग गेलाय का ते बघत होतो.

त्यात एक कागद निघाला, बिनरंगाचा. नुसती पेन्सिल. एक वाकडातिकडा चौकोन, एका बाजूला थोडा उघडा. आत एका कोपऱ्यात तीन ठिपके, दुसऱ्या कोपऱ्यात छोटा चौकोन, मध्ये दोन लांब रेघा. बाहेर अगदी तसेच आणखी पाच-सहा चौकोन, ओळीनं. डोंगर नाही, सूर्य नाही, नदी नाही. पाचवीतल्या मुलीचं चित्र होतं. तिचं नाव लिहीत नाही, बदलूनही लिहीत नाही.

मी तो कागद हातात धरून वर्गासमोर उंच केला आणि म्हणालो, "अगं बाई, घर काढायचं होतं. घर कुठंय यात? हे तर मोजणीवाल्यानं काढल्यागत दिसतंय."

पोरं हसली. ती उभी राहिली. "सर, हे वरून हाय."

"वरून कोण बघतं घराकडं? कावळा?"

मग तर सगळा वर्ग हसला. केंद्रप्रमुख हसले. तीही हसली थोडी, मान खाली घालून. कागद मी गठ्ठ्याच्या तळाला सरकवला. पहिलं बक्षीस एका नारळवाल्या मुलीला दिलं. कंपासपेटी आणि १०१ रुपये.

परत येताना गुरुजींच्या मोटारसायकलवर मागं बसलो होतो. ते सहज बोलून गेले, "ती पोरगी सहा महिने बाहेर असते. तळावर गेलं की तिचा बाप पहिल्यांदा कोयत्याच्या टोकानं जमिनीवर रेघ मारतो, कोपी कुठवर ते ठरवायला. मग हिची आई आत उभी राहून सांगते, चूल इथं, मोरी इथं. त्यानंतर बांबू रोवतात. ते काढलं असंल तिनं." मी "हो का" म्हणालो. स्टँडवर उतरलो, चहा घेतला आणि विसरलो. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत परीक्षक म्हणून माझं नाव मात्र आठवणीनं छापून आणलं.

अकरा वर्षं गेली.

१६ जुलै २०२३, रविवार. पाऊस लांबलेला, बातम्या काही नाहीत. मोबाईलवर गुगल उघडलं तर रोजच्या अक्षरांच्या जागी चित्र. कुणाचा तरी वाढदिवस असला की ते असं करतात. दाबून बघितलं. झरीना हाश्मी, जन्म १९३७, अलीगढ. चित्रकार. मी हे नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. कंटाळा आला होता म्हणून वाचत गेलो, आणि वाचता वाचता एका चित्रावर आलो आणि बाजेवरून उठून बसलो.

चित्राचं नाव 'फादर्स हाउस १८९८–१९९४'. वडिलांचं घर. १९९४ साली केलेलं मुद्राचित्र. त्यात भिंत नाही, छप्पर नाही, दारात झाड नाही. वरून बघितलेला नुसता आराखडा. खोल्यांच्या रेघा, मधली मोकळी जागा, आणि उर्दूत लिहिलेली नावं.

सर, हे वरून हाय.

त्या दिवसापासून मी या बाईंच्या मागं लागलो. मूळ चित्र मी एकही पाहिलेलं नाही, ती न्यूयॉर्कच्या मोमासारख्या मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. माझी सगळी ओळख साडेसहा इंचांच्या काचेवरची. तेव्हा मी जे लिहितोय ते कलासमीक्षा म्हणून वाचू नका. आमच्याकडं ज्याला सही करता येते तो लेखक आणि ज्याला डिप्लोमा आहे तो समीक्षक होतो, ती चूक मी एकदा केलेली आहे.

झरीनांचे वडील अलीगढ मुस्लिम विद्यापीठात इतिहास शिकवायचे. घर विद्यापीठाच्या परिसरातलं, भावंडांनी भरलेलं. १९४७ साली ही मुलगी १० वर्षांची. फाळणी झाली. पुढे १९५९ मध्ये आईवडील कराचीला गेले. राणी नावाची बहीण, जिच्यावर हिचा फार जीव, तीही तिकडंच. झरीनांनी अलीगढलाच गणितात बी. एस्सी. केलं, १९५८ मध्ये परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्याशी लग्न झालं आणि मग बदल्या. बँकॉक, तिथं लाकडी ठशांचं काम पहिल्यांदा हाताशी आलं. पॅरिस, तिथं स्टॅनले विल्यम हेटर यांच्या नावाजलेल्या कार्यशाळेत शिक्षण. मग दिल्ली, १९७४ मध्ये टोकियो, आणि शेवटी न्यूयॉर्क. १९७७ मध्ये नवरा गेला. त्या न्यूयॉर्कमध्येच एकट्या राहिल्या, काम करत राहिल्या. चित्रांखाली आडनाव लावत नसत, नुसतं झरीना. २०११ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात भारताचं पहिलं अधिकृत दालन झालं. मुंबईचे कवी रणजित होस्कोटे यांनी ते मांडलं होतं आणि त्यात झरीनांचं काम होतं. देश सोडून पन्नासेक वर्षं झालेल्या बाईनं देशाच्या दालनात आपली घरं मांडली.

त्यांचं एक चित्र माझ्या डोक्यातून जात नाही. २००१ सालचं, नाव 'डिव्हायडिंग लाइन'. फिक्या कागदावर एकच काळी रेघ, वरून खाली, वळणं घेत आलेली. भारत-पाकिस्तानची सरहद्द. बस. दुसरं काही नाही.

आता यातली गंमत ज्यांनी ट्रेडल प्रेसवर लग्नपत्रिका छापताना पाहिल्यात त्यांना चटकन कळेल. आमच्या गावातल्या छापखान्यात गणपतीचा लाकडी ब्लॉक होता. शाई लागते ती वर आलेल्या भागाला, कोरून खोल केलेला भाग कोरा राहतो. म्हणजे कागदावर एक काळी रेघ हवी असेल तर लाकडावर रेघ कोरायची नसते. रेघ सोडून बाकी सगळं कोरून काढायचं असतं. दोन्ही बाजूंचा मुलूख छिलून टाकायचा, तेव्हा मधे ती रेघ उभी राहते. साठी ओलांडलेली बाई हातात अवजार घेऊन पंजाब छिलतेय, सिंध छिलतेय, हे चित्र मी मनाशी आणतो आणि फाळणीवर वाचलेली पुस्तकं बाजूला राहतात.

दुसरं काम २००४ चं, 'लेटर्स फ्रॉम होम'. राणीनं कराचीहून बहिणीला पत्रं लिहिली होती. उर्दूत. लिहिली, पण टाकली नाहीत. आईवडील गेले ते त्यात, घर विकलं ते त्यात, पोरं घराबाहेर पडली ते त्यात. पोस्टात टाकून लांबच्या बहिणीला कशाला दुःख द्यायचं, असं असेल. पुढं कधीतरी ती पत्रं झरीनांच्या हाती आली. त्यांनी त्या अक्षरांचेच ठसे केले आणि त्या अक्षरांवर घराचे आराखडे, नकाशे छापले. आठ मुद्राचित्रं.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या गल्लीतली एक म्हातारी आठवली. मुलगा-सून कर्नाटकात तोडीला. नातवाला ताप होता आठ दिवस. फोनवर विचारलं की म्हणायची, "बरंय सगळं, तू तुझं काम कर." तिला लिहिता येत असतं तर तिच्याही उशाखाली चार पत्रं निघाली असती.

आणि एक तिसरं सांगतो, मग आपल्या गोष्टीकडं येतो. १९९९ चा ३६ वुडकटचा संच, 'होम इज अ फॉरिन प्लेस'. घर म्हणजे परका मुलूख. ह्यात त्यांनी आधी शब्द काढले, चित्रं नंतर. घर, दरवाजा, उंबरठा, भिंत, अंगण, अंतर, भाषा, सरहद्द, असे शब्द. ती यादी पाकिस्तानातल्या एका सुलेखनकाराकडं पाठवली, त्यानं ते नस्तालिक वळणात लिहून दिले, आणि एकेका शब्दाला एकेक आकृती. कुठं दोन रेघा, कुठं एक चौकोन. देश सुटला तरी भाषा आपल्याबरोबर आली होती, आणि तीही आता हातातून निसटते आहे, ही त्यांची मोठी बोच होती. उर्दू वाचणारे कमी होत चाललेले.

मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. निजामाच्या राज्यात दप्तराची भाषा उर्दू. माझ्या आजोबांच्या घरजागेचा एक कागद आहे, उर्दूतला. आम्ही तो प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय आणि घरात एकालाही वाचता येत नाही. २०२३ च्या शेवटी शिंदे समितीसाठी जुन्या नोंदी धुंडाळायला लागले तेव्हा आमच्याकडं मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा अचानक भाव वाढला होता. त्याच गडबडीत मी तो कागद घेऊन एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडं गेलो. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला अमक्याची भिंत, दरवाजा उत्तरेला. मी ज्या घरात जन्मलो त्याच्या चारही बाजू दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होतो. आणि शब्द तर सगळे ओळखीचे. दरवाजा, जमीन, हद्द, मालक, तारीख. कानाला आपले, डोळ्याला परके. चाचांनी चहा पाजला, पैसे घेतले नाहीत.

आता तुमच्यातले काहीजण म्हणतील, कुठं ती परराष्ट्र खात्यातल्या साहेबाची बायको, पॅरिस-टोकियो बघितलेली, आणि कुठं आमचे तोडीवाले. उगाच काहीतरी जोडू नका. बरोबर आहे तुमचं. झरीना विमानानं गेल्या, आमची माणसं ट्रॉलीत जातात. त्यांच्यामागं उचल फेडायचा तगादा नव्हता. त्यांचं घर एकदाच सुटलं आणि मग आयुष्यभर आठवत राहिलं. आमच्या माणसांचं घर दरवर्षी सुटतं, त्यामुळं त्याची कुणी आठवणही काढत नाही, आणि चित्र काढायला तर कुणाला सवड नाही. एका पोरीनं काढलं तर परीक्षकानं ते तळाला सरकवलं.

पण एक गोष्ट दोघींची एकच आहे. घर काढ म्हटल्यावर दोघींनी दर्शनी भाग काढला नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला जे दिसतं ते काढलं नाही. आत राहणाऱ्याला जे ठाऊक असतं ते काढलं. चूल कुठं, झोपायचं कुठं, दार कोणत्या अंगाला. मी आजवर जे फोटो काढले ते सगळे रस्त्यावरून जाणाऱ्याचे आहेत.

तोडीवाल्यांची कागदावरची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, तरी थोडक्यात. कारखान्याच्या हिशेबात माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. अर्ध्या कोयत्याला उचल कमी, म्हणून पोरांची लग्नं लवकर उरकतात. अठरा पुरी व्हायची वाट कुणी बघत नाही, आणि आपण सगळे त्या लग्नांना जेवायला जातो, मीही गेलोय. शाळेच्या हजेरीत तीच माणसं 'स्थलांतरित'. रेशन कुठंही मिळेल म्हणतात, पण कोयत्यानं बोटांच्या रेघा झिजलेल्या, मशीन अंगठा घेत नाही. मतदान आलं की मात्र सगळ्यांना त्यांचा पत्ता सापडतो. रात्रीतून गाड्या जातात, फडातून माणसं आणतात, बोटाला शाई लावतात आणि परत नेऊन सोडतात. २०२१ मध्ये शासननिर्णय झाला, ग्रामसेवकांनी ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र द्यावं. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. या सगळ्याच्या बातम्या मी दिल्यात. कात्रणं आहेत.

आणि २०२० मी विसरू शकत नाही. एप्रिलमध्ये आमची हजारो माणसं कारखान्यांच्या तळांवर अडकली होती. ऊस संपलेला, पैसे संपलेले, आणि गावाकडचे लोक, म्हणजे आपणच, वेशीवर काट्या टाकून बसलो होतो. हे आपल्याला आता आठवायला आवडत नाही. ज्यांची नावं गावच्या मतदारयादीत, ज्यांचे आईबाप गावात, त्यांना आपण विचारत होतो, "तुम्ही बाहेरचे ना?" शेवटी सरकारनं परवानगी दिली आणि माणसं आली, तर त्यांना रानात, शेडमध्ये ठेवलं. त्याच एप्रिलच्या २५ तारखेला झरीना लंडनमध्ये वारल्या. मला अर्थातच तेव्हा पत्ता नव्हता. पुढच्या महिन्यात, ८ मे ला, पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून निघाले होते, मध्य प्रदेशात घरी जायचं होतं. रुळांवर पडलेल्या भाकऱ्यांचा तो फोटो तुम्ही पाहिलाय. आमच्या ग्रुपवर एका शिकलेल्या माणसानं लिहिलं होतं, रुळावर कशाला झोपायचं? मी त्याला उत्तर दिलं नाही. दहा-अकरा वर्षांची एक पोरगी वर्गासमोर उभी करून मीही तसलाच प्रश्न विचारलेला होता.

आता यंदाचं.

यंदा सप्टेंबरच्या पावसानं आमच्याकडं काय केलं ते सांगत बसत नाही. सोयाबीन गेलं, कापूस गेला, काहींची जमीनच खरवडून गेली. जे दोन-तीन वर्षं तोडीला जायचे थांबले होते तेही उचल घेऊन तयार झाले. दिवाळीच्या आधी एका गावात ओळखपत्राची नोंदणी चालू होती म्हणून बातमीला गेलो. रांग होती. ऑपरेटर पोरगा फॉर्म भरत होता. एक बाई खिडकीशी, कडेवर लेकरू.

"कायमचा पत्ता?"

तिनं गावाचं नाव सांगितलं.

"सध्याचा पत्ता?"

"सध्याचा म्हंजी आत्ताचा, का सोमवारनंतरचा?"

"सोमवारनंतरचा सांगा की मावशी."

"त्यो मुकादमाला माहीत."

रांगेतले हसले. पोरगा पण हसला. मी वहीत लिहून घेतलं, म्हणलं चांगली चौकट होईल. तेवढ्यात ती माझ्याकडं वळली. "सर, वळखलं का? तुम्ही आमच्या शाळेत चित्राला आल्ते."

तेवीस-चोवीस वर्षांची असेल. ऑपरेटर तिला मावशी म्हणत होता. सतराव्या वर्षी लग्न झालं, तेव्हापासून पुरा कोयता आहे. तिनं सांगायला सुरुवात केली तशी एकेक गोष्ट, पहिलं बक्षीस कुणाला मिळालं, त्या कंपासपेटीवर कसलं चित्र होतं, पुढं ती पेटी दोन दिवस हिनं कशी उसनी घेतली होती. माझ्या कावळ्याबद्दल ती काहीच बोलली नाही. विसरली असेल, किंवा मी परगावचा मोठा माणूस म्हणून बोलली नसेल.

मला काय बोलावं ते सुचेना. माफी मागावी असं दोन वर्षं डोक्यात होतं, पण रांगेत, ऑपरेटरसमोर, तिच्या नवऱ्यासमोर, ते कसं बोलायचं? पत्रकाराला दुसऱ्याला बोलतं करायची सवय असते. मी खिशातून मोबाईल काढला आणि 'फादर्स हाउस' तिच्यासमोर धरलं. म्हणालो, "हे बघ. एका मोठ्या बाईनं काढलंय. तिचं घर. तुझ्यासारखं वरून."

तिनं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, इकडं सरकवलं, तिकडं सरकवलं.

"लई खोल्या हायेत की. हे काय लिव्हलंय?"

"उर्दू आहे. घरातल्या जागांची नावं."

"चूल कुठंय यात?"

मला दाखवता आलं नाही. म्हणालो, "मला उर्दू वाचता येत नाही."

"मग घर हाय हे कसं कळलं तुम्हाला?"

"चित्राचं नाव आहे ना तसं. वडिलांचं घर."

ती हसली. अगदी सहज, राग नाही, काही नाही. "मी बी लिव्हलं होतं की खाली. माझे घर म्हणून. गुरुजींनी सगळ्यांनाच लिव्हाय सांगितलं होतं."

नवऱ्यानं हाक मारली. फॉर्मवर अंगठा बसत नव्हता, चौथ्या वेळेला घेतला. 'सध्याचा पत्ता' या रकान्यात ऑपरेटरनं पुन्हा कायमचाच पत्ता टाकला, कारण रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढं जात नाही. मी तिला विचारलं, ते तीन ठिपके म्हणजे चुलीचे दगड होते ना? म्हणाली, "हां. आन् ते बारकं चौकोन म्हंजी आजीची पेटी. ती पेटी आल्याबिगर म्हातारी कोपीत पाय टाकत नव्हती." मधल्या दोन लांब रेघा कसल्या, ते विचारायचं राहून गेलं.

त्या शाळेत जाऊन आलो. गुरुजींची कधीच बदली झाली, आता निवृत्तही झालेत. २०१२ चे कागद कोण ठेवतंय. नव्या बाईंनी कपाट उघडून दाखवलं, त्यात शालेय पोषण आहाराच्या वह्या होत्या. सध्या पटावर ४१ पोरं आहेत. त्यातली १९ दोन दिवसांत निघतील, दोघं आजीआजोबांकडं मागं राहतील.

हंगामी वसतिगृह वेळेत सुरू झालं तर या १९ पैकी निदान आठ-दहा पोरं गावात थांबतील, असं बाईंचं म्हणणं आहे. पालक ठेवायला तयार आहेत, त्या स्वतः घरोघर जाऊन बोलून आल्यात. पण प्रस्ताव अजून वर मंजुरीला आहे. दरवर्षी मंजुरी येते तोवर पोरं फडात पोचलेली असतात आणि मग वसतिगृहाच्या हजेरीत नावं दिसतात ती कुणाची, हा वेगळा विषय आहे, त्यावर एकदा लिहीनच.

तिची गाडी सोमवारी रात्री जेवणं झाल्यावर निघणार आहे. बाईंकडून प्रस्तावाचा क्रमांक आणि तारीख घेऊन ठेवलीय. उद्या ११ वाजता कार्यालयात जातोय. ज्यांच्या गावात अशीच यादी अडकली आहे त्यांनी गाव आणि पोरांची संख्या मला कळवा, एकत्रच विचारतो. काय उत्तर मिळतं ते उद्या रात्री इथंच लिहीन.